इंग्लंडमधील जुनी दगडी घरे : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मागच्या अंकात इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशातील बायबरी गावच्या ‘अर्लिंग्टन रो’ या दगडी घरांच्या ओळीवर सचित्र लेख होता. त्यावर बरीच पत्रे आली. काही पत्रे तिथे फिरून आलेल्यांची आहेत, काही इंग्लंडात जुने घर घेऊन राहणाऱ्यांची, तर काही इथल्या बांधकामातल्या माणसांची. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे देत आहोत.

अर्लिंग्टन रो १३८० सालची आहे असे सगळीकडे छापलेले असते. गाइड मात्र म्हणाला की ही घरे सतराव्या शतकातली. खरे काय मानायचे? (ठाणे)

दोन्ही खरे आहे. चौदाव्या शतकात इथे मठाचे लोकर साठवायचे लांबलचक कोठार उभे राहिले. सतराव्या शतकात त्याच्या आत आडव्या भिंती घालून विणकरांसाठी बिऱ्हाडे काढली. समोरच्या ‘रॅक आइल’ या पाणथळ तुकड्यावर मांडण्या उभारून त्यांवर कापड वाळत घालत, त्यावरूनच ते नाव पडले. म्हणजे कवच मध्ययुगीन आहे आणि त्यात संसार थाटला गेला तो नंतर. ‘मध्ययुगीन कॉटेज’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक घरांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच असते. चौदाव्या शतकातला सामान्य शेतकरी घडीव दगडाच्या, दुमजली, धुराडे असलेल्या घरात राहत नव्हता.

म्हणून घराचे वय ठरवताना दर्शनी भिंतीवर विसंबू नये. भिंत पाडून पुन्हा रचता येते, खिडक्या बदलतात, दारावर कोरलेले साल कधी दुरुस्तीचे असते तर कधी नुसते लग्नाचे. माळ्यावर चढून छपराची लाकडे पाहावीत. मध्ययुगीन घराची पहिली खूण म्हणजे ‘क्रक’. जमिनीपासून किंवा भिंतीच्या मध्यापासून निघून थेट आढ्यापर्यंत जाणारी ही वाकड्या ओकची जोडी असते. वाकलेले एकच खोड उभे चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर उभे केलेले असतात, त्यामुळे दोन्हींचा बाक आरशातल्यासारखा जुळतो. छपराचे ओझे या जोड्या पेलतात. भिंत मागाहून बदलली तरी छप्पर जागचे हलत नाही, ते याचमुळे.

दुसरी खूण काजळी. त्या काळी घराला धुराडे नसे. मधल्या मोठ्या खोलीला माळाही नसे. जमिनीवर मधोमध चूल पेटे आणि धूर छपरातून वाट काढत बाहेर जाई. शे-दोनशे वर्षांच्या या धुराने वासे, रिपा आणि कित्येकदा गवताच्या शाकारणीचा आतला थरसुद्धा काळाकुळकुळीत झालेला असतो. असे काजळलेले मूळ गवत अजून जागेवर असलेली घरे डेव्हन परगण्यात आहेत. नवे गवत जुन्यावरच चढवत गेल्याने खालचा थर तसाच राहिला. मात्र एक खबरदारी घ्यावी. काजळी फक्त एखाद्याच तुळईवर असेल आणि त्या तुळईत कशाशीच न जुळणाऱ्या रिकाम्या खाचा दिसत असतील, तर ते लाकूड दुसऱ्या घरातून काढून आणलेले असण्याचा संभव मोठा. काजळी सर्व वाशांवर सलग हवी.

नेमके साल हवे असेल तर लाकडाच्या वार्षिक वलयांची तपासणी करतात. पेन्सिलीएवढा जाड नमुना काढून त्यातल्या वलयांची रुंदी ज्ञात क्रमाशी जुळवतात. नमुन्यात किमान पन्नासेक वलये लागतात. सालीलगतचे शेवटचे वलय मिळाले, तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगता येते. ओक ओला असतानाच घडवत असत, त्यामुळे तोडणीचे वर्ष आणि बांधकामाचे वर्ष यांत सहसा फार अंतर पडत नाही.

दारे इतकी बुटकी आणि खिडक्या इतक्या लहान का? तेव्हाची माणसे ठेंगणी होती का? (सातारा)

फारशी नव्हती. मूळ घर छपरापर्यंत मोकळे होते. सोळाव्या-सतराव्या शतकात धुराडे बांधले गेल्यावर धुराचा प्रश्न मिटला आणि त्याच उंचीत माळा टाकून दोन मजले बसवले, म्हणून तुळया डोक्याशी आल्या. बाहेर रस्त्याची आणि अंगणाची पातळी शतकानुशतके चढत गेली, तशी दारेही खुजी दिसू लागली. काच महाग होती. मूळ खिडकीला काच नव्हतीच, लाकडी झडप होती, आणि ती जेवढी मोठी तेवढी थंडी आत येणार.

डेव्हनमधल्या डार्टमूर या माळरानावरच्या ‘लाँगहाउस’मध्ये माणसे आणि गुरे एकाच दाराने जात, हे खरे का? आपल्याकडे गोठा घराला लागून असतो, पण दार वेगळे असते. (नाशिक, वास्तुकलेची विद्यार्थिनी)

खरे आहे, आणि या घराची सगळी रचना त्या एका गोष्टीभोवती बेतलेली आहे. लाँगहाउस उतारावर बांधतात, तेही उताराला आडवे नव्हे, उताराच्या दिशेने. वरच्या अंगाला माणसे, खालच्या अंगाला गुरे. दोहोंच्या मधून घराच्या एका लांब भिंतीतून दुसरीत जाणारा आरपार बोळ असतो. दार या बोळाला. आत आल्यावर एका हाताला चुलीची मोठी खोली आणि तिच्यापलीकडे एक लहान आतली खोली, तर दुसऱ्या हाताला गोठा, ज्याला तिथे ‘शिपन’ म्हणतात. गोठ्याच्या जमिनीत मधोमध दगडी नाली असते आणि ती खालच्या टोकाच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर पडते. गुरे दोन्ही बाजूंना भिंतीकडे तोंड करून बांधलेली, त्यामुळे शेण-मूत मधल्या नालीत पडते आणि उताराने आपोआप बाहेर जाते. उतार उलटा असता तर सगळे चुलीपाशी आले असते. नकाशा काढताना उताराचा बाण आधी काढा, मग खोल्यांची नावे लिहा. घर लगेच उलगडेल.

भिंती ग्रॅनाइटच्या. पण तो खाणीतून काढलेला नसून माळावर उघडा पडलेला, ‘मूरस्टोन’ नावाचा. म्हणून तळाला माणसाच्या कमरेएवढे धोंडे आणि वर लहान होत जाणारे दगड दिसतात.

पाहायला दोन ठिकाणे सुचवतो. पाउंड्सगेटजवळचे हायर अपाकॉट हे चौदाव्या शतकापर्यंत मागे जाणारे घर डार्टमूर राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाच्या ताब्यात आहे आणि त्यातला गोठा पुढे खोलीत बदलला गेलेला नाही. अशी उदाहरणे विरळा, कारण बहुतेक ठिकाणी गुरे गेली आणि तिथे स्वयंपाकघर आले. दुसरे हाउंड टॉर. हे ओसाड पडलेले मध्ययुगीन गाव आहे. तेराव्या शतकातल्या लाँगहाउसच्या भिंती तिथे गुडघा-कमरेएवढ्या उभ्या आहेत आणि छप्पर नसल्याने बोळ, चूल, गोठा ही सगळी आखणी एका नजरेत दिसते. विद्यार्थ्यांना आमच्या मते हाउंड टॉरच जास्त शिकवून जाते.

आम्ही ग्लॉस्टरशायरमध्ये दगडी कॉटेज घेतले आहे. तळमजल्याच्या भिंती ओल्या आहेत. तपासणीला आलेल्या माणसाने मीटर टेकवून ‘जमिनीतून ओल चढते’ असे सांगितले आणि भिंतीत रसायन भरायचा मोठा खर्च काढला. करावे का? (ग्लॉस्टरशायर)

थांबा. आधी भिंत म्हणजे काय ते पाहू. तुमची भिंत साधारण ४५० ते ६०० मिलिमीटर जाड असणार. ती एकसंध नाही. बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन पदर आणि मध्ये कपच्या, माती व चुन्याची भर, असा हा प्रकार आहे. पाऊस पडला की ती थोडी भिजते, वारा सुटला की वाळते. पाणी अडवणे हे तिचे काम कधीच नव्हते. शोषून पुन्हा सोडणे हे तिचे काम. ओल साचते ती हे सोडणे कुणीतरी बंद केल्यावर.

टोकदार पिनांचा मीटर पाणी मोजत नाही, विजेचा रोध मोजतो, आणि तोही लाकडासाठी ठरवलेल्या मापावर. भिंतीला लोणा लागलेला असेल तर क्षारांमुळे आकडा चढतो. खरे प्रमाण हवे असेल तर भिंतीत खोलवर भोक पाडून त्यातला भुगा कार्बाइड मीटरमध्ये (भुग्यातले पाणी कार्बाइडशी मिळून जो वायू होतो त्याचा दाब मोजणारे उपकरण) तपासून घ्या.

रसायनाचेही तसेच. ते विटांच्या सलग आडव्या थरात पसरू शकते. तुमच्या भिंतीत असा सलग थरच नाही, भरीत पोकळ्या आहेत आणि ते तिथे वाहून जाईल. शिवाय त्या कामाबरोबर आतून सिमेंटचा जलरोधक गिलावा देतात. त्याने ओल झाकली जाते आणि सुकायला जागा न मिळाल्याने दोन-तीन वर्षांत त्या गिलाव्याच्या वर डोके काढते.

त्याऐवजी भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पन्हळ कुठे ओसंडते, उभ्या नळाचा सांधा कुठे गळतो, पाणी जमिनीवर पडून भिंतीवर कुठे उडते, हे बघा. मग बाहेरची जमीन मोजा. ती आतल्या फरशीपेक्षा १५० ते २०० मिमी खाली हवी. फुलांचे वाफे, फरसबंदी यांनी ती बहुधा चढलेली असते. खणून उतरवताना आधी एक लहान खड्डा करून भिंतीचा तळ कुठे आहे ते पाहा. या घरांना आपल्या अर्थाने पाया नसतो, मोठे दगड जमिनीत जेमतेम वीतभर-हातभर गेलेले असतात. तळाच्या खाली खणले तर ओलीच्या जागी तडा पदरात पडेल. एका वेळी मीटरभर लांबीच मोकळी करा.

आता आतली ओल कुठे आहे त्यावरून कारण ओळखा. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत पट्टा आणि वर पांढऱ्या क्षाराची रेघ दिसली तर बाहेरची चढलेली जमीन किंवा सिमेंटचा गिलावा हे कारण. धुराड्याभोवती तपकिरी डाग असला तर जुन्या काजळीतले क्षार हवेतली वाफ ओढतात. कपाटामागे आणि कोपऱ्यात काळी बुरशी दिसली तर ती घरातलीच वाफ. २० अंशांची हवा आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरते, आणि जानेवारीत तुमच्या उत्तरेकडच्या भिंतीचा आतला कोपरा तेवढा सहज उतरतो. कुकरच्या शिट्ट्या, पोळ्या-भाजी, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे यांची वाफ बाहेर टाकणारा पंखा स्वयंपाकघरात आणि न्हाणीत बसवा. त्याचे तोंड माळ्यात नको, थेट बाहेर हवे. कपाट भिंतीपासून ५० मिमी पुढे ओढा.

सिमेंटचा गिलावा असेल तर काढून चुन्याचा करा, रंगही चुन्याचा द्या. आणि धीर धरा. जाड भिंत वाळायचा ढोबळ हिशेब २५ मिलिमीटरला एक महिना असा आहे. ६०० मिमीची भिंत दोन्हीकडून वाळली तरी वर्ष जाणार. तीन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून पुन्हा रसायनाकडे वळू नका.

या घरांच्या दर्जा (दगडांमधले सांधे) चुन्यात भरतात म्हणे. प्रमाण आणि पद्धत सविस्तर द्यावी. आम्ही जुन्या वाड्यांची कामे घेतो. (कोल्हापूर, गवंडीकाम)

पद्धत देण्याआधी कारण सांगणे भाग आहे, कारण तेच दोन्हीकडे विसरले जाते. कॉट्सवोल्डचा दगड म्हणजे बारीक गोल कणांचा चुनखडक आहे. भिंगातून पाहिला तर माशाच्या गाभोळीसारखा दिसतो. तो आपल्या काळ्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी मऊ आणि सच्छिद्र. त्याच्या सांध्यात सिमेंट भरले की पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, दगडातून पडते. जाताना क्षार दगडाच्या तोंडाशी ठेवते, हिवाळ्यात तिथेच गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. वीस-तीस वर्षांनी दगड आत गेलेला आणि सिमेंटची जाळी मधाच्या पोळ्यासारखी पुढे आलेली, अशी भिंत दिसते. झिजायचेच असेल तर दर्जेने झिजावे, दगडाने नाही. दर्ज पुन्हा भरता येते.

जुना माल काढताना ग्राइंडर लावू नका. पाते हमखास दगडाच्या कडेत शिरते. पातळ छिन्नी आणि हलका हातोडा घ्या. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी खोल, घट्ट माल लागेपर्यंत जा. सिमेंट दगडाला इतके चिकटले असेल की काढताना कड तुटते, तर तेवढे राहू द्या.

सांधा ब्रशने झाडून वरून खाली पाण्याने धुवा. भरायच्या वेळी दगड ओलसर हवा, पण पाणी डबडबलेले नको.

मालाचे प्रमाण मापाने १ भाग विरवलेला, किमान तीन महिने मुरलेला लोण्यासारखा चुना आणि ३ भाग वाळू. हे प्रमाण कुठून आले ते एकदा करून पाहा. कोरड्या वाळूने डबा काठोकाठ भरा आणि वाळू बुडेपर्यंत मोजून पाणी ओता. चांगल्या वाळूत डब्याच्या साधारण एक तृतीयांश पाणी मावते. तेवढी पोकळी चुन्याने भरायची असते. पाणी जास्त मावले तर वाळू एकाच जाडीची आहे, ती बदला. वाळू खरखरीत, धुतलेली, बारीक-जाड मिसळलेली हवी आणि सर्वांत मोठा खडा सांध्याच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको. वाऱ्या-पावसाला तोंड देणाऱ्या भिंतीला तिथे पाण्यातही घट्ट होणारा ‘हायड्रॉलिक’ चुना, ३.५ क्रमांकाचा, १ ला २.५ ते ३ भाग वाळूने वापरतात. आपली सुर्खी हेच काम करते. विटांची भुकटी घालायची रीत इंग्लंडातही आहे.

माल घट्ट मळा, पाणी कमीत कमी. मुठीत दाबला तर गोळा राहावा आणि हाताला चिकटू नये. सांध्यात दाबून भरा, एका वेळी २५ मिमीपेक्षा जाड थर नको. रुंद सांध्यात दगडाच्या चिपा ठोका, नुसता माल आकसून फुटतो. दर्ज दगडाच्या तोंडाबरोबर किंवा किंचित आत ठेवा. दगडावर लिंपलेली किंवा पुढे आलेली पट्टी कधीही नको. तिच्यावर पाणी थांबते आणि दगडाची कड गोल झालेली असेल तर पातळ पापुद्रा लगेच सुटतो.

मग वाट पाहायची. अंगठा दाबला तर खळगा पडत नाही, पण नखाची रेघ उमटते, अशी अवस्था आली की ताठ केसांच्या ब्रशच्या टोकांनी ठोका. घासायचे नाही, ठोकायचे. वरची चुन्याची साय मोडते, वाळूचे कण उघडे पडतात आणि आकसल्याच्या बारीक भेगा मिटतात. कामातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास असतो आणि घाईत तोच टाळला जातो.

चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा दगड बनतो आणि त्या क्रियेला ओलावा लागतो. म्हणून ओले गोणपाट टांगा, दिवसातून तीन-चार वेळा पाण्याचा फवारा द्या, असा निदान आठवडा काढा. वाऱ्याने झपाट्याने वाळला तर बोटाने पीठ निघते. इंग्लंडात ५ अंशांखाली हे काम करत नाहीत. ताज्या दर्जेला हिमाने गाठले तर ती पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटून येते, म्हणून ऑक्टोबरनंतर नवे काम हाती घेत नाहीत. आपल्याकडे हिमाची भीती नाही. आपला शत्रू एप्रिल-मेचे ऊन. सावलीच्या बाजूने काम धरा.

किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंतीच कोसळल्या. मग तशाच दोन पदरी भिंती तिकडे शतकानुशतके कशा उभ्या आहेत? (लातूर)

भिंतीचा प्रकार खरोखर सारखाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला आपल्याकडे जे झाले त्यात मातीत रचलेले दोन पदर हादऱ्याने एकमेकांपासून सुटले आणि वरचे माळवदाचे जड ओझे खाली आले. दोन पदरांना शिवणारे, आरपार जाणारे दगड त्या भिंतींत नव्हते किंवा फार थोडे होते. म्हणूनच नंतरच्या मजबुतीकरणात भिंतीला आरपार भोके पाडून सळई-काँक्रीटचे आडवे बंध घातले गेले. इंग्लंडात एवढा मोठा भूकंप होत नाही, ही पहिली गोष्ट. चांगल्या पाथरवटाने आरपार दगड ठेवलेले असतात, ही दुसरी.

तरीही तिथल्या भिंती फुगतात, सावकाश. पाणी शिरून भर खाली बसते आणि पाचरीसारखी पदरांना बाहेर रेटते. किंवा वाशांची टोके कुजून छप्पर भिंतीला बाहेर ढकलते. ओळंबा सोडून फुगवटा मोजा, तड्यावर मापाची पट्टी लावा आणि वर्षभर नोंद ठेवा. जुना, थांबलेला फुगवटा तसाच सोडून देता येतो. वाढत असेल तर आधी पाणी आणि छप्पर दुरुस्त करायचे, मग स्टेनलेस स्टीलचे बंध आणि चुन्याचे पातळ भरण. भरण खालून वर, थोडे थोडे करायचे. एकदम ओतले तर त्याच्याच दाबाने बाहेरचा पदर सुटतो.

दगडाची कौले छपरावर टिकतात कशी? (रत्नागिरी)

प्रत्येक कौलाला वरच्या टोकाशी एक भोक, त्यात ओकची खुंटी आणि ती खुंटी रिपेवर अडकवलेली. कौल आपल्या वजनानेच लटकते. वळचणीला ६०० मिलिमीटरपर्यंत लांब कौले आणि आढ्याकडे १५० पर्यंत लहान होत जाणारी. मोठी कौले खाली असल्याने सगळ्यात जास्त पाणी वाहते तिथे सांधे सगळ्यात कमी. उतार ४५ ते ५५ अंश, कारण दगड खडबडीत असतो आणि मंद उतारावर पाणी सांध्यात मागे ओढले जाते. वजन चौरस मीटरला साधारण १०० किलो.

ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्डला ही कौले हिमाकडून फोडून घेत. दगड काढून ओला ठेवायचा आणि थंडीत उघड्यावर पसरायचा. आतले पाणी गोठले की तो थरांत सुटतो. वाटेत वाळला तर मात्र मग फुटत नाही.

बिघडते ते बहुधा कौल नाही, खुंटी किंवा रीप. म्हणून छप्पर उतरवताना कौले फेकू नका, लांबीप्रमाणे थप्प्या लावा. वरची कड फुटलेली असेल तर छाटून नवे भोक पाडा आणि ते कौल वरच्या लहान थरात चढवा. खालून फोम फवारून कौले चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर साफ नकार द्या. लाकूड त्याखाली कुजते आणि कौल पुन्हा वापरता येत नाही.

अशा घरात बदल करायला परवानगी लागते का? (पुणे, मुलगी डेव्हनमध्ये घर घेत आहे)

घर संरक्षित यादीत असेल तर लागते, आणि बहुधा असेलच. इंग्लंडच्या यादीत सुमारे ४ लाख नोंदी आहेत आणि बहुतेक सर्व दुसऱ्या श्रेणीच्या. अर्लिंग्टन रो पहिल्या श्रेणीत आहे. १९९० च्या कायद्याप्रमाणे संरक्षण फक्त दर्शनी भागाला नसते, आतल्या जिन्याला, तुळयांना, चुन्याच्या गिलाव्यालाही असते. परवानगीवाचून बदल करणे हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेला बेकायदा बदल पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते आणि त्याला मुदतीची मर्यादा नाही. म्हणून खरेदीपूर्वी घराची यादीतली नोंद, आजवरच्या परवानग्या आणि घराची सद्यस्थिती ही तिन्ही वकिलाकडून शेजारी शेजारी ठेवून तपासून घ्या. जुळत नसेल ते विक्रेत्याकडून व्यवहाराआधी निस्तरून घ्यावे. पाहणीसाठी चुन्याच्या भिंतींचा अनुभव असलेला तज्ज्ञ लावा. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापलेली प्राचीन इमारतींच्या जतनाची संस्था अशा घरांबद्दल तांत्रिक सल्ला देते. मुलीने सही करण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे.